चांदणीखालची ओळ

धोंडूबाईने उभ्या जन्मात मासळी सोडून दुसऱ्या कशाचा भाव केला नव्हता. पंच्याण्णव सालच्या जुलैत ती कॉलेजांचा भाव करायला निघाली. तिची रुतिका बारावीला सायन्स घेऊन एकसष्ट टक्क्यांनी पास झाली होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. खाडीकाठच्या त्यांच्या कोळीवाड्यात बारावी झालेली ती दुसरी मुलगी. पहिलीचं लग्न होऊन ती उरणला गेली होती आणि तिचं शिक्षण तिथेच संपलं होतं.

घरात नवरा गणू, धोंडूबाई आणि रुतिका अशी तीनच माणसं. गणू लहान होडीने खाडीत जाई आणि बोईट, निवट्या, चिंबोऱ्या, जे लागेल ते आणी. दोन वर्षांपासून त्या मासळीला रॉकेलचा वास येत होता. कारखान्यांचं पाणी कुठल्या नाल्यातून येतं हे वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण अर्ज करून करून माणसं थकली होती. शिजवलेलं कालवण डब्यात घालून गिऱ्हाइकं परत आणत आणि धोंडूबाईच्या तोंडासमोर झाकण उघडून धरत. मग तिने घरची मासळी विकायची सोडली. पहाटे धक्क्यावरून माल उचलायचा आणि वाशीच्या मंडईत आपल्या ओट्यावर बसायचं, हा तिचा नेम झाला. तो ओटा तिच्याकडे चौदा वर्षं होता. त्यावरच घर चालत होतं.

अंगाला लिंबू चोळून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती तीन दिवस रुतिकाबरोबर हिंडली. पहिल्या दिवशी ठाण्याची सरकारी नर्सिंग शाळा. तिथे फी नावापुरती, वर महिन्याला विद्यावेतन आणि राहायला वसतिगृह. पण रुतिकाचं नाव थांबलेल्यांच्या यादीत होतं, चौदावं. यादी पुढे सरकेल की नाही हे कुणालाच सांगता येईना. मग दोन खाजगी कॉलेजं. तिथे खिडकीत आधी माहितीपत्रक घ्यायला लावलं, शंभर रुपयांना एक. भाव विचारायचेच शंभर रुपये पडतात, हे धोंडूबाईला नवीन होतं. दुसऱ्या कॉलेजच्या खिडकीशी ती वाकून म्हणाली, की बाय, सगळं धरून अक्खे वर्साचं किती ते एकदा तोंडाने सांग. आतल्या बाईंनी तिच्याकडे न बघता सांगितलं, की त्यात सगळं छापलंय, वाचून घ्या.

वाचायचं काम रुतिकाचं. धोंडूबाईला अक्षर येत नव्हतं आणि गणूला जेमतेम आकडे येत. घरी आल्यावर धोंडूबाईने दोन्ही पुस्तकं आणि सरकारी शाळेचा कागद जमिनीवर वेगवेगळे मांडले, जशी ती कोलंबीचे वाटे मांडायची. गणू भिंतीला टेकून जाळं विणत ऐकत होता.

रुतिकाने वाचलं. पहिलं कॉलेज, वर्षाचे सोळा हजार, गणवेश आणि पुस्तकं त्यातच. दुसरं कॉलेज, शिक्षण शुल्क नऊ हजार. एवढं वाचून तिने पान उलटलं आणि प्रवेशाची शेवटची तारीख वाचली. एक ऑगस्ट.

"नऊ ना?" धोंडूबाईने विचारलं.

"नऊ."

सोळा आणि नऊ यांत धोंडूबाईला विचार करायची गरजच नव्हती. सरकारी कागद तिने घडी करून फळीवर ठेवला. चौदाव्या नंबरवर पोरीचं वर्ष टांगून ठेवायला तिचं मन धजेना.

नऊ हजार घरात नव्हते. गणूची होडी विकायची तर घ्यायला कोण येणार होतं, त्या पाण्यात. शेवटी धोंडूबाईने ओटा दिला. तिच्या धाकट्या दिराची बायको शालन बरेच दिवस त्या जागेवर डोळा ठेवून होती. स्टॅम्पपेपरवर लिहून झालं, धोंडूबाईने अंगठा उठवला. शालनने नोटा मोजून दिल्या आणि वर म्हणाली, की वैनी, तुमच्या पाट्या ठेवायला कोपरा देईन हो मी. धोंडूबाईने मान हलवली. ओट्याखालचा कोयता आणि लाकडाचा ठोकळा तिने त्याच दिवशी उचलला.

एक ऑगस्टला ती पैसे घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभी राहिली. आतल्या बाईंना सगळे वैजयंती मॅडम म्हणत. त्यांनी रुतिकाची दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळी मूळ कागदपत्रं घेऊन खाकी पाकिटात घातली.

"एवढंच ना बाय, नऊ?"

"हो, आत्ता नऊ भरा," वैजयंती मॅडम म्हणाल्या.

त्या बोलण्यातला 'आत्ता' धोंडूबाईच्या कानावरून गेला. पावती तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी कमरेच्या बटव्यात, आणि घरी येईपर्यंत दोनदा हाताने चाचपून पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती डोक्यावर पाटी घेऊन वाशी आणि कोपरखैरण्याच्या सेक्टरांतून फिरू लागली. ओट्यावर बसून विकणं वेगळं आणि दारोदार फिरणं वेगळं, हे तिला पहिल्याच सकाळी कळलं. सोसायट्यांचे वॉचमन फाटकातच अडवत. कुणी आत सोडलं तर लिफ्टमध्ये घेत नसत, वास राहतो म्हणून. चार-चार मजले चढून गेलं तर दार उघडणारी बाई श्रावण आहे एवढंच बोलून दार लावून घेई. श्रावण धोंडूबाईला दर वर्षी ठाऊक होता, पण ओट्यावर बसलेल्या माणसाला तो पायांत जाणवत नाही. आठ दिवसांत तिचा उजवा गुडघा पावासारखा फुगला. जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पाय टाकी आणि पाटीतलं बर्फाचं पाणी मानेवरून पाठीत ओघळे. मंडईवरून जाताना ती पलीकडच्या फुटपाथने जायची. शालन तिच्या जागी मांडी घालून बसलेली दिसायची.

त्या दिवसांत तिची पाटी रिकामी व्हायची ती मुख्यतः आबिदाबाईंच्या दारात. कोपरखैरण्यात तळमजल्यावर राहणारं रायगडकडचं हे कोकणी मुसलमान कुटुंब. आबिदाबाई रोज काही ना काही घेत आणि शेजारच्या दोन घरांनाही घ्यायला लावत. त्यांचे मालक अब्दुर्रहमान चाळीस वर्षं शाळेत मास्तर होते. त्यांची समरा, रुतिकाएवढीच. तिच्याही प्रवेशाची खटपट चालली होती.

वीस-एक तारखेची गोष्ट. धोंडूबाई दारात बसून बांगडे साफ करत होती. आबिदाबाई तक्रारीच्या सुरात सांगत होत्या, की समरासाठी सगळी कॉलेजं पालथी घातली, आता जिथे जागा आहे तिथे वीस हजारांच्या खाली कोणी बोलत नाही, शेवटी डी.एड.ला घालायचं ठरतंय. धोंडूबाईला त्या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. तिने हात न थांबवता सांगितलं, की माझी पोरगी नऊ हजारात वर्षभर शिकते.

मास्तर आतून बाहेर आले. कुठलं कॉलेज म्हणाले. तिने हात पदराला पुसून बटव्यातून पावती काढली आणि त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी चष्मा लावून ती पाहिली, ते आत गेले आणि एक माहितीपत्रक घेऊन आले. कव्हरावरचं चित्र धोंडूबाईच्या ओळखीचं होतं. समरानेही तेच आणलं होतं.

"धोंडूबाई, पावतीवर पहिलं सत्र असं लिहिलंय. सत्र म्हणजे सहा महिने."

तिने पावतीसाठी हात पुढे केला.

मास्तर पायरीवर बसले आणि त्यांनी पान तिच्यासमोर धरलं. नऊ हजारांच्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी छापली होती आणि पानाच्या तळाशी तशीच दुसरी चांदणी होती. तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. मास्तरांनी ती हळू वाचली. सदर शुल्क प्रति सत्र असून गणवेश, प्रात्यक्षिक, ग्रंथालय व अनामत रक्कम वेगळी आकारण्यात येईल. मग त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. दोन सत्रांचे अठरा, वरचे साडेतीनच्या आसपास, म्हणजे वर्षाचे साडेएकवीस. असं तीन वर्षं. सोळावालं कॉलेज याच्यापेक्षा स्वस्त होतं.

"ही ओळ पयल्यापासून हाय या पुस्तकात?" धोंडूबाईने विचारलं.

"छापलेलीच आहे. का?"

तिने उरलेले बांगडे साफ केले, पैसे घेतले आणि पाटी डोक्यावर घेऊन उठली. आबिदाबाईंनी चहा घे म्हटलेलं तिला ऐकू आलं नाही.

रुतिका चारला घरी आली. गणू दारात होता. धोंडूबाईने माहितीपत्रक फळीवरून काढून जमिनीवर उघडं ठेवलं होतं. पान कुठलं ते तिला वाचता येत नव्हतं, पण ती बारीक चांदणी तिने शोधून काढली होती.

"हितं काय लिवलंय ते वाच."

रुतिकाने पुस्तकाकडे पाहिलं. मग दप्तर खाली ठेवलं. त्या दप्तरातच कॉलेजची नोटीस पडून होती, साडेतीन हजार पंचवीस तारखेपर्यंत भरायची. चार दिवस ती नोटीस लपवून हिंडत होती.

"मना वाचून दावलास तवा ही ओळ हिथंच व्हती?"

"व्हती."

"तू वाचलीस?"

"मनात वाचली." रुतिकाचा आवाज खाली गेला. "मोठ्याने वाचली असती तर तू उठली असतीस, आय. सोळाचं नाव तर तू तवाच सोडलं. मना वाटलं, एकदा आत गेलं का काहीतरी व्हईल."

धोंडूबाई चुलीकडे तोंड करून बसली. मारायला तिचा हात उठला नाही, रडायलाही आलं नाही. गिऱ्हाइकाने वाट्यातला वरचा ताजा मासा बघून घ्यावं आणि घरी गेल्यावर खालचे सडके निघावेत, तसं तिला झालं होतं. आणि तो वाटा तिच्या पोटच्या पोरीने मांडला होता. इतकी वर्षं कागद आला की ती रुतिकापुढे धरत होती. लाइटचं बिल, रेशन, स्टॅम्पपेपर. ओटा दिल्याचा कागदसुद्धा रुतिकानेच वाचून दाखवला होता.

गणू दारातून म्हणाला, "पोर शिकाया गेली. चोरी तर नाय केली."

"चोरीच ती," धोंडूबाई म्हणाली.

त्यानंतर ती लेकीशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढी, ताट पुढे सरकवी, पण तोंडातून शब्द नाही. पंचवीस तारीख गेली. रुतिका कॉलेजला जायची, पण तिला वर्गात बसू देत नव्हते. ती दिवसभर व्हरांड्यात वही धरून उभी राहायची आणि आतलं शिकवणं ऐकू येईल तेवढं उतरवून घ्यायची. हे तिने घरी सांगितलं नाही. वाड्यातल्या कुणीतरी पाहिलं आणि गणूला सांगितलं. त्या दिवसापासून गणू त्या पैशांसाठी, दुसरं कुणी जात नसे अशा नाल्याच्या मुखाशी जाऊन चिंबोऱ्या पकडू लागला, खोलातल्यांना वास कमी लागेल म्हणून चिखलात कोपरापर्यंत हात घालून. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातांवर फोड उठले, आणि आणलेल्या चिंबोऱ्या कुणी घेतल्या नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी पोस्टमन आला. पाकीट ठाण्याच्या सरकारी शाळेचं होतं. पत्त्यात विभागाचं नाव चुकल्यामुळे ते आठ दिवस इकडेतिकडे फिरत आलं होतं. धोंडूबाईने ते रुतिकाकडे दिलं नाही. तशीच कोपरखैरण्याला गेली आणि मास्तरांकडून वाचून घेतलं. यादी सरकली होती. रुतिकाला जागा मिळत होती. शुक्रवारी चारच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं, न आल्यास जागा पुढच्या मुलीला.

"कागद कॉलेजात हाईत," धोंडूबाई म्हणाली.

मास्तरांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "सहजी देणार नाहीत. पण मागावे तर लागतीलच."

बुधवारी सकाळी ती पाटी घेऊनच कॉलेजवर पोचली, कारण पाटी ठेवायला तिला कुठे जागाच नव्हती. वॉचमनने पाटी फाटकाबाहेर झाडाखाली ठेवायला लावली. रुतिका तिच्या मागे तीन पावलं सोडून चालत होती. वैजयंती मॅडमनी ऐकून घेतलं आणि त्यांना संचालकांकडे पाठवलं. संचालकांनी बसायला सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलगी गेली तर जागा तीन वर्षं रिकामी राहणार, तो तोटा कोण भरणार. निदान या वर्षाचे उरलेले साडेबारा हजार भरा आणि कागद घेऊन जा.

धोंडूबाईने हात जोडले. पायांवर डोकं ठेवायला ती वाकली, पण गुडघा दुमडेना, आणि ती अर्धवट वाकलेलीच टेबलाची कड धरून राहिली. संचालकांनी घंटी वाजवली.

ती व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. तिथून फाटकाबाहेरची पाटी दिसत होती. कावळ्यांनी ओलं फडकं ओढून काढलं होतं आणि ते आत चोची घालत होते. वॉचमन स्टुलावर बसून बघत होता. उठून हाकलायला जावं तर परत आत सोडतील याचा भरवसा नव्हता. ती बसून राहिली आणि दीडशे रुपयांची सुरमई कावळे खाताना बघत राहिली. मग रुतिका न विचारता उठली, फाटकाबाहेर गेली आणि संध्याकाळपर्यंत पाटीपाशी उन्हात बसली.

पाचला कॉलेज बंद झालं. दोघी तशाच कोपरखैरण्याला गेल्या. मास्तरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्या हात जोडू नका, पाया पडू नका. एकच मागा. कागद देत नाही, असं कॉलेजच्या शिक्क्याने लिहून द्या. कागद अडवणं कायद्यात बसत नाही, ते लेखी देणार नाहीत. बाकी काही बोलू नका."

गुरुवारी ती रुतिकाला घेऊन, पाटी न घेता, रिकाम्या हाताने गेली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, की कागद देत नाय असं लिवून द्या. वैजयंती मॅडम म्हणाल्या, की असं लिहून देता येत नाही. ती बाकावर बसली. तासाभराने पुन्हा खिडकीशी गेली आणि तेच म्हणाली. दुपारी संचालक जेवायला निघाले तेव्हा त्यांच्या वाटेत उभी राहून तेच. त्यांनी आवाज चढवला. व्हरांड्यातून जाणारे दुसऱ्या मुलींचे आईबाप थांबून बघायला लागले. एका बापाने पुढे येऊन विचारलं, की बाई, कसले कागद. धोंडूबाईने त्यालाही तेवढंच सांगितलं. त्याने स्वतःच्या हातातल्या खाकी पाकिटाकडे पाहिलं आणि तो खिडकीच्या रांगेतून बाजूला झाला.

पाचला दहा मिनिटं असताना वैजयंती मॅडम आतून आल्या, हातात पाकीट आणि एक टाइप केलेला कागद घेऊन. कागद त्यांनी खाली बघत वाचून दाखवला. मी राजीखुशीने प्रवेश सोडत आहे, भरलेल्या शुल्कावर माझा हक्क राहणार नाही. रुतिकाने सही केली, तिच्याखाली धोंडूबाईने अंगठा उठवला. नऊ हजार गेले, ओटा गेला.

"आतले कागद बघून घ्या," वैजयंती मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "चारही आहेत. मी मोजलेत."

शुक्रवारी सकाळी मायलेकी वाशीहून बसने ठाण्याला गेल्या. सरकारी शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. गावागावांतल्या पोरी, त्यांचे बाप, कुणाची आजी. रुतिकाचा नंबर यायला दुपारचे दोन वाजले. टेबलाशी बसलेल्या सिस्टरबाईंनी एकेक कागद उजेडाला धरून पाहिला, नाव उतरवून घेतलं आणि दोन पानी करारनामा पुढे सरकवला. पालकाची सही हवी होती.

धोंडूबाई अठरा दिवसांत पहिल्यांदा लेकीकडे वळली.

"वाच. सगळं. तळापत्तुर."

रुतिकाने कागद दोन्ही हातांनी धरला आणि वाचायला लागली. तीन वर्षं शिक्षण, वसतिगृहातच राहणं, सुट्टी किती, खानावळीचे पैसे विद्यावेतनातून कापणार. मागची रांग चुळबुळ करू लागली. सिस्टरबाई म्हणाल्या, की नेहमीचाच मजकूर आहे, अंगठा द्या. धोंडूबाई हलली नाही. शिक्षण मध्येच सोडल्यास घेतलेलं विद्यावेतन परत करावं लागेल, या ओळीशी रुतिका अडखळली. तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग पुढची. मग तळाची तारीख, आणि छापखान्याचा क्रमांकसुद्धा.

वाचून झालं तशी धोंडूबाईने कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि मागे उभ्या असलेल्या मुरबाडकडच्या एका पोरीपुढे धरला.

"बाय, आता तू वाच."

ती पोरगी गोंधळली. तिने रुतिकाकडे पाहिलं. रुतिका खांबाला टेकून खाली मान घालून उभी राहिली. पोरीने अडखळत अडखळत दोन्ही पानं वाचली. धोंडूबाई डोळे मिटून ऐकत होती, आणि प्रत्येक कलमाला तिचं एकेक बोट आत दुमडलं जात होतं. शेवटी तिने डोळे उघडले आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

वसतिगृहात रविवारी सामान घेऊन यायचं होतं. दोघी फाटकाबाहेर आल्या. धोंडूबाई अंगठा भिंतीला पुसत होती. शाई निघत नव्हती.

रुतिका म्हणाली, "आय, तिनं तसंच वाचलं ना? मी वाचलं तसंच?"

धोंडूबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तसंच," ती म्हणाली. "एक अक्षर कमी नाय."

आणि गुडघ्यावर हात ठेवून, लंगडत, ती बसच्या थांब्याकडे निघाली. रुतिका तिच्या बरोबरीने चालू लागली.